सांदवाडीतल्या गवताला खत: किती, कधी आणि कुठून?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गेल्या पावसाळ्यात बऱ्याच गटांतल्या बायांनी सांदवाडीत नेपिअर गवताची ठोंबं लावली. कुणी न्हाणीघराच्या पाण्यावर चार ओळी लावल्या, कुणी बोअरिंगजवळ छोटा वाफा केला. आता बैठकीत एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "ताई, पहिली कापणी मस्त आली, दुसरीही बरी आली, तिसऱ्या वेळेस गवत पिवळं पडलं. किती युरिया टाकू?"

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला भाषण अर्धवट सोडून चुलीकडे जावं लागलं तरी काम होईल. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागा म्हणजे एक आर. आपल्या सातबाऱ्यावर जो आर लिहिलेला असतो तोच. डिसमिलमध्ये मोजाल तर अडीच डिसमिलच्या जवळपास. एवढ्या जागेतल्या नेपिअरला दर कापणीनंतर अर्धा ते एक किलो युरिया पुरे होतो. त्याहून जास्त नको. आणि घरी गाय-म्हैस असेल, तिचं मूत्र जमा होत असेल, तर तेवढाही विकत आणायची गरज नाही.

आता हे का, आणि जास्त टाकलं तर काय होतं, ते नीट ऐका. कारण जास्त टाकलेला युरिया गवतातून ढोराच्या पोटात जातो आणि प्रसंगी त्याचा जीव घेतो. यावर मी आज सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

आधी हे सांगते की या चार ओळी गवताचं एवढं महत्त्व काय. आपला जिल्हा धानाचा. घरोघरी तणीस असते, पण तणशीत पोट भरण्यापलीकडे फार काही नाही. तिच्यात प्रथिनं फारच कमी असतात, शंभर किलोत तीन-चार किलो. त्यात आता हार्वेस्टरने धान कापणारे वाढले, तेव्हा पहिल्यासारखी सगळी तणीस घरीही येत नाही. मग हिरवं आणायला कोण जातं? आपणच जातो. धुऱ्यावर जातो, बोडीच्या पाळीवर जातो, नाहीतर जंगलात जातो. नवेगाव आणि नागझिऱ्याचं जंगल २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झालं. देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, तिरोडा या भागातल्या बायांना वाघ-बिबट्याची गोष्ट मी काय सांगणार! पहाटे एकटीने विळा घेऊन वाकून गवत कापणं किती धोक्याचं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. घरामागे गवत असलं तर आठवड्यातल्या दोन-तीन फेऱ्या तरी वाचतात.

पण हिशेब खरा ठेवा. एका आरमधलं नेपिअर, पाणी मिळालं आणि खत वेळेवर पडलं, तर वर्षाला दीड ते दोन टन हिरवा चारा देतं. म्हणजे रोजचे चार-पाच किलो. दुभत्या गाईला रोज पंधरा-वीस किलो हिरवं लागतं. तेव्हा एका आरवर अख्खी गाय पोसली जाणार नाही. एखाद-दुसरी शेळी पोसली जाईल, किंवा गाईच्या तणशीत रोज थोडं हिरवं मिसळता येईल. "एक गुंठा लावा आणि दोन म्हशी पाळा" असं कुणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

आता पिवळं का पडतं ते पाहू.

आपल्याकडे 'लॉन' म्हटलं की लग्नाचा हॉल आठवतो. बस्त्यावरून आल्यावर लोक विचारतात, कोणत्या लॉनमध्ये लग्न आहे? पण त्या हॉलसमोरचं बारीक हिरवं गवत, मुळात लॉन म्हणजे ते. शाळेसमोर किंवा ग्रामपंचायतीच्या बागेत हरळीचं असं गवत राखतात. ते गवत कापलं की बारीक काडी तिथेच पडू देता येते. ती कुजते आणि जमिनीतून घेतलेलं बरंचसं जमिनीला परत मिळतं. आपल्या चाऱ्याच्या गवताचं तसं नाही. आपण ते मुळाजवळून कापतो, डोक्यावर घेतो, गव्हाणीत टाकतो. गवतासोबत जमिनीतलं नत्र, स्फुरद, पालाश सगळं उचलून कोठ्यात नेतो. शंभर किलो हिरवं नेपिअर कापलं की साधारण पाव किलो नत्र त्या जागेतून निघून जातं. एका आरमधून एका कापणीला दोन-अडीचशे किलो गवत निघालं तर अर्धा किलोहून जास्त नत्र गेलं. वर्षाला सहा-सात कापण्या. धानाच्या बांधीतून वर्षाला एक पीक निघतं, फार तर दोन. गवताचा वाफा सहा-सात पिकं देतो आणि आपण त्याला धुऱ्यावरच्या गवतासारखं फुकटचं समजतो. मग तिसऱ्या कापणीला ते पिवळं पडलं तर त्याचा काय दोष?

हे नत्र गेलं कुठे? कोठ्यात. गाईने खाल्लेल्या चाऱ्यातलं थोडं नत्र दुधात जातं, थोडं अंगी लागतं, बाकीचं शेणा-मुतातून बाहेर पडतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास मुतात असतं. पालाश तर बहुतेक सगळा मुतातच. शेणात स्फुरद असतो. आपण शेण इमानाने गोळा करतो, गोवऱ्या थापतो, खड्ड्यात टाकतो. मूत मात्र कोठ्याच्या मातीत मुरतं, नाहीतर नालीने रस्त्यावर जातं. युरियाची पिशवी आपण दुकानातून आणतो आणि तीच वस्तू कोठ्याच्या नालीतून वाहू देतो. मुतात जे नत्र असतं ते बहुतेक युरियाच्याच रूपात असतं. त्या खताला नावही तिथूनच पडलं.

किती असतं ते मोजू. गाईच्या शंभर लिटर मुतात सुमारे एक किलो नत्र. आपली देशी लहान चणीची गाय दिवसभरात पाच-सहा लिटर मुतते. दिवसा ती चरायला जाते, तेव्हा रात्रीचंच हाती लागणार, तीन लिटर धरा. महिन्याचे नव्वद लिटर, दीड महिन्याचे एकशे पस्तीस. म्हणजे एका कापणीपासून दुसऱ्या कापणीपर्यंत एका गाईच्या रात्रीच्या मुतात किलोभराहून जास्त नत्र जमतं. त्यातला तिसरा हिस्सा वास होऊन उडाला असं धरलं तरी दोन आर गवताला दर कापणीला लागतं त्याहून जास्तच उरतं. संकरित गाय किंवा म्हैस असेल तर त्याहून जास्त.

जमा कसं करायचं? ज्यांच्या कोठ्यात फरशी किंवा सिमेंट आहे त्यांनी जमिनीला थोडा उतार ठेवून नालीच्या टोकाशी जुना माठ किंवा प्लास्टिकचा डबा पुरावा. त्यावर झाकण हवंच. उघडं ठेवलं की डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तो वास म्हणजे उडून जाणारं नत्र. शिवाय डास होतात. ज्यांचा कोठा मातीचा आहे त्यांनी नालीच्या मागे लागूच नये. संध्याकाळी ढोराच्या मागच्या पायाखाली उरलेली, तुडवलेली तणीस, वाळका पाला, कुटार, जे असेल ते पसरावं. रात्रभरात ते मूत पितं. सकाळी शेणासकट उचलून खड्ड्यात टाकावं आणि वर माती लोटावी. तीन-चार महिन्यांत जे खत होतं ते नुसत्या शेणाच्या खतापेक्षा कितीतरी जोरदार असतं. माझ्या मते आपल्या भागासाठी हीच पद्धत सगळ्यात सोयीची, कारण त्यात सिमेंटही लागत नाही आणि डबाही नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. चुलीची राख या खड्ड्यात किंवा मुताच्या डब्यात टाकू नका. राख मुताशी भेटली की नत्र वास होऊन उडतं. राख वाईट नाही, तिच्यात पालाश असतो. ती वेगळी ठेवा आणि पाऊस संपल्यावर गवताच्या दोन ओळींमध्ये थोडी थोडी भुरभुरा. खत आणि राख यांच्यात पंधरा दिवसांचं अंतर ठेवलं की झालं. राइस मिलमधून मिळणारी कोंड्याची काळी राख मात्र खत म्हणून आणू नका. तिच्यात बहुतेक वाळूचाच अंश असतो. चिकट कन्हार जमीन थोडी मोकळी करायला ती चालेल, गवत हिरवं करायला नाही.

जमा झालेलं मूत सरळ गवतावर ओतायचं नाही, पानं जळतात. एक भाग मूत आणि दहा भाग पाणी. एका आरला कापणीनंतर वीस-पंचवीस लिटर मूत, पाणी घालून, दोन-तीन हप्त्यांत मुळाशी द्यायचं. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांना एवढीही कटकट नाही. त्यातून निघणारी मळी ओळींमध्ये सोडली की तेच काम होतं.

जीवामृताबद्दल विचारणाऱ्या खूप जणी असतात. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन. त्यात जिवाणू वाढतात, माती जिवंत राहते, हे खरं. पण नत्राचा हिशेब मघासारखा करून पाहा. दहा लिटर मुतात शंभर ग्रॅम, दहा किलो शेणात चाळीस-पन्नास ग्रॅम. अख्ख्या ड्रममध्ये दीडशे ग्रॅम नत्र आणि तो ड्रम एका एकराला. दर दीड महिन्याने कापलं जाणारं गवत एवढ्यावर हिरवं राहत नाही. जीवामृत जरूर द्या, पण शेणखताच्या जोडीने द्या. गूळ-बेसनावर खर्च करण्याआधी नालीतून वाहणारं मूत अडवा.

आता युरिया. घरी ढोर नाही, शेळ्याच आहेत, किंवा खताचा खड्डा यंदा रिकामा आहे, तर युरिया वापरायला माझी ना नाही. ४५ किलोची पिशवी सरकारी भावाने २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे किलोला सहा रुपये. एका आरला एका वेळेस लागतो तो तीन ते सहा रुपयांचा. इतका स्वस्त आहे म्हणूनच हात सैल सुटतो. अर्धा किलोच्या जागी ओंजळी-ओंजळीने तीन किलो कधी पडतो कळत नाही. म्हणून माझं सांगणं, मोजून टाका. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा अर्धा किलो तोलून घ्या, तो घरच्या कोणत्या डब्यात कुठपर्यंत येतो तिथे खूण करा. तो डबा मग फक्त युरियाचा, स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही.

टाकायचा कसा? कापणी झाल्यावर लगेच नाही. चार-सहा दिवसांत खुंटातून नवे कोंब डोकावतात, तेव्हा टाकायचा. पानांवरचं दव वाळलं पाहिजे, नाहीतर दाणा पानाला चिकटतो आणि तिथे भाजल्यासारखा डाग पडतो. ठोंबाच्या मधोमध ओतू नका, ओळींच्या बाजूने पसरा आणि त्याच दिवशी पाणी द्या. कोरड्या मातीवर तसाच उघडा राहिला तर बराचसा हवेत जातो. उलट मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकला तर वाहून जातो. आपल्याकडे वर्षाला बाराशे-चौदाशे मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा आषाढ-श्रावणात झड लागलेली असताना युरियाची पिशवी उघडायचीच नाही. उघडीप पाहून अर्धा हप्ता, पंधरा दिवसांनी उरलेला अर्धा. खरडी, मुरमाड जमीन असेल तर हे दोन हप्ते पाळाच, कारण तिथून पाणी आणि खत दोन्ही लवकर खाली झिरपतं. मोरंड आणि कन्हार जमीन खत जास्त धरून ठेवते.

शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या अंगणातल्या हरळीलाही हेच माप चालतं. आरला अर्धा किलो, वर्षातून दोन-तीनदा, लगेच पाणी, आणि कापलेली काडी तिथेच पडू द्यायची. मुलं खेळतात तिथे युरियाचे दाणे विरघळेपर्यंत त्यांना जाऊ देऊ नका.

आता मघाशी म्हटलं त्या धोक्याकडे येते.

गवत मुळातून नत्र ओढून घेतं ते नायट्रेट नावाच्या रूपात. ऊन आणि पाणी मिळालं की पानात त्याची प्रथिनं होतात. हीच प्रथिनं गाईच्या दुधात उतरतात. पण ऊन नसलं, ढगाळ दिवस लागले, किंवा पाण्याचा ताण पडला, तर गवत नत्र ओढतं आणि त्याची प्रथिनं करू शकत नाही. नायट्रेट तसंच दांड्यात साठून राहतं, विशेषकरून खालच्या जाड दांड्यात. वरून युरिया भरपूर पडलेला असेल तर साठाही भरपूर. दिसायला ते गवत गर्द हिरवं, लुसलुशीत दिसतं. नजरेने ओळखताच येत नाही.

असं गवत उपाशी ढोराने एकदम खाल्लं की पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तात जातं. मग रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ढोर धापा टाकतं, लटपटतं, हिरड्या आणि जीभ निळसर-तपकिरी होतात, रक्त लालऐवजी चॉकलेटी दिसतं. काही तासांतच ढोर आडवं होतं. गाभण गाय वाचली तरी गाभडू शकते. लोक म्हणतात साप चावला, कुणी म्हणतं नजर लागली. यावर इंजेक्शन आहे, पण ते डॉक्टरनेच शिरेतून द्यायचं असतं, आणि वेळ फार कमी असतो. म्हणून १९६२ हा नंबर कोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. पशुवैद्यकीय फिरत्या दवाखान्याचा तो फुकटचा नंबर आहे. फोनवर सांगताना "युरिया टाकलेलं गवत खाल्लं" हे आधी सांगा, म्हणजे डॉक्टर औषध घेऊन निघतील. तोवर समोरचा चारा उचला आणि ढोराला पळवू नका, ओढू नका.

हे होऊ नये म्हणून काय करायचं ते अवघड नाही. युरिया टाकल्यापासून तीन आठवडे ते गवत कापायचं नाही. नेपिअरची कापणी दीड महिन्याने येते, त्यामुळे नियम पाळला तर अडचण येतच नाही. अडचण येते ती भाद्रपदात पावसाने दडी मारल्यावर. धुऱ्यावरचं गवत संपतं, रोवणी आणि निंदणाच्या कामात कुणाला दूर जायला वेळ नसतो, आणि मग बाई वीस दिवसांचंच नेपिअर कापून टाकते. ती वेळ सगळ्यात वाईट. लांबलेल्या कोरड्या दिवसांनंतर पाऊस आला तर पुढचा आठवडाभरही थांबा, कारण तेव्हा गवत अधाशासारखं नत्र ओढतं. कापावंच लागलं तर विळा थोडा वर धरा, वीतभर खुंट सोडा, खालचा जाड दांडा ढोराला देऊ नका. चांगल्या उन्हाच्या दिवशी दुपारनंतर कापा. ढोराला आधी तणीस टाका, पोट निम्मं भरलं की मग हिरवं, तेही तणशीत मिसळून. एक गैरसमज काढून टाका. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यातलं विष वाळवल्याने बरंचसं कमी होतं हे खरं, पण नायट्रेट वाळवल्याने जात नाही.

निंदणाचं गवतही याच विचाराने पाहा. बांधीत युरिया टाकून चार दिवस झाले आणि आपण निंदलेलं गवत भारा बांधून घरी आणतो. त्या दिवसांत ते टाळलेलं बरं. बांधीत युरिया टाकल्या टाकल्या तिथलं पाणीही ढोरांना पिऊ देऊ नका. युरिया विरघळवलेली बादली कोठ्याजवळ उघडी ठेवणं तर त्याहून वाईट. तहानलेली गाय ती पिऊन टाकते आणि तासाभरात फुगते, तोंडाला फेस येतो. आणि आजकाल धुऱ्यावर तणनाशक मारायची पद्धत निघाली आहे. दुसऱ्याच्या धुऱ्यावरून गवत आणण्याआधी विचारून घ्या. पिवळं पडायच्या आधी फवारलेलं गवत ओळखू येत नाही.

नेपिअरबद्दल आणखी एक. या गवतात ऑक्झालेट असतं, ते चाऱ्यातला कॅल्शियम अडवून धरतं. नुसतं नेपिअर खाणारी दुभती गाय हळूहळू हाडाने कमजोर होते. म्हणून सोबत शेंगवर्गीय काहीतरी हवं. आपल्याकडे धान निघायच्या आधी बांधीत लाखोरी टाकतात, तिचा पाला-कुटार आहेच. कुंपणाला शेवरी किंवा सुबाभूळ लावा. सुबाभूळ मात्र एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त देऊ नका, केस गळतात. खनिज मिश्रणाची चिमूट रोजच्या आंबोणात असू द्या. धुऱ्यावर गिरिपुष्प असेल तर त्याचा पाला कापून गवताच्या ओळींमध्ये पसरा, तेही नत्राचं खतच आहे.

पिवळं पडलेलं प्रत्येक गवत नत्राला भुकेलं असतं असं नाही, हेही ध्यानात घ्या. खालची जुनी पानं पिवळी आणि वरचं नवं पान हिरवं, तर नत्र कमी आहे. वरचं नवं पानच पिवळं आणि त्याच्या शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय, कितीही युरिया घाला उपयोग नाही. जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात ते पालाशाच्या कमतरतेने. न्हाणीघराचं पाणी सतत साचून राहत असेल तर मुळं गुदमरून गवत पिवळं पडतं. तिथे नाली काढून द्या, आणि कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी रोज एकाच ओळीत सोडू नका.

आणि थंडी! विदर्भात सर्वात कमी तापमान म्हणून पौष महिन्यात आपल्या गोंदियाचं नाव बरेचदा पेपरात येतं. पारा पंधराच्या खाली गेला की नेपिअरची वाढ फार मंदावते, पानं लालसर-पिवळी होतात. तेव्हा ते उपाशी नसतं, गारठलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत युरिया टाकणं म्हणजे पैसे टाकणं. त्या दिवसांत कुजलेलं शेणखत ओळींमध्ये घाला आणि माघ संपून ऊन तापू लागलं की पहिलं पाणी द्या. एका आरला वर्षातून अर्धी बंडी, म्हणजे दीडशे-दोनशे किलो शेणखत एवढं तरी हवं. हे चुकवून नुसत्या युरियावर चालवलं तर एक-दोन वर्षं गवत येतं, मग ठोंबं मधून पोकळ पडत जातात.

नवीन लावणाऱ्यांसाठी थोडक्यात. लावतानाच शेणखतासोबत एका आरला तीन किलो सुपर फॉस्फेट आणि अर्धा-पाऊण किलो पोटॅश मातीत मिसळा. स्फुरद मुळांजवळच लागतो, नंतर वरून टाकून तो खाली जात नाही. फुले जयवंत, को-४ या जाती आपल्या राज्यात चालतात. दोन ओळींत तीन फूट, दोन ठोंबांत दोन फूट अंतर ठेवलं तर एका आरला पावणेदोनशे ते दोनशे ठोंबं लागतात. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, घाई करू नका, मुळं धरू द्या. नंतर दर दीड महिन्याने. जास्त दिवस ठेवलं तर दांडा लाकडासारखा होतो आणि ढोर अर्धा चारा गव्हाणीत सोडतं. ज्यांची जमीन इटियाडोह किंवा बाघ प्रकल्पाच्या कालव्यावर आहे त्यांना उन्हाळ्यातही कापणी मिळते. बाकीच्यांनी सांडपाण्यावर जेवढं जगेल तेवढंच लावावं.

मातीची तपासणी करायची असेल तर कृषी विभागात विचारा. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना आहे. बांधीचा नमुना देताना सांदवाडीचाही एक वेगळा नमुना द्या, दोन्हींची माती सारखी नसते. हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही चाऱ्याबद्दल विचारता येतं.

ठोंबं विकत आणण्याआधी गटात विचारा. एका वर्षाच्या जुन्या ठोंबाला फोडलं तर पंधरा-वीस नवी ठोंबं सहज निघतात. म्हणजे ज्या ताईच्या वाफ्यात दोनशे ठोंबं आहेत तिच्या एका ओळीतून दुसऱ्या ताईचा अख्खा आर लागतो. दर तीन-चार वर्षांनी ठोंबं फोडावीच लागतात, तेव्हा देणारीचंही काम होतं. फोडायचं ते पहिला चांगला पाऊस पडल्यावर, रोवणीची धांदल सुरू व्हायच्या आधी. त्या आठ-दहा दिवसांतच एक बैठक ठरवून ठेवा, कुणाकडून किती निघतील आणि कुणाला किती हवीत ते गटाच्या वहीत लिहून घ्या.

पुढच्या भागात तणशीवर युरियाची प्रक्रिया कशी करतात ते सांगणार आहे. त्यात माप चुकवून चालत नाही, तेव्हा वही-पेन जवळ ठेवा.